जुई प्रकरण

शाळेतून भर दुपारी फोन आला की माझ्या तोंडून आधी "ताप किती आहे?" एवढंच निघतं. त्या दिवशी बालवाडीच्या ताई म्हणाल्या, "तब्येत छान आहे त्याची. डबासुद्धा संपवलाय. तुम्ही जरा येऊन जाल का? एकटेच या. त्याच्या आईला तूर्त काही बोलू नका."

डबा संपवलाय म्हटल्यावरच मी घाबरलो. आमचे सव्वापाच वर्षांचे चिरंजीव डबा संपवतात तो दिवस साधा नसतो.

ऑफिसात मुख्याध्यापिका बाई होत्या, ताई होत्या आणि टेबलावर एक उघडी वही होती. पेनाचं टोपण काढून ठेवलेलं. समोरच्या भिंतीवर 1098 या चाइल्डलाइनचा फलक होता. कुणी काही बोलेना, म्हणून मी तो तीनदा वाचून काढला.

"घरी सगळं ठीक आहे ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"म्हणजे... तुमचं आणि त्याच्या आईचं?"

सकाळीच आमचं वाजलं होतं, पण ते कोथिंबिरीवरून. ते मोजायचं की नाही, या विचारात असताना ताईंनी घसा खाकरला.

"आम्हाला जुईबद्दल बोलायचं होतं."

माझा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, मी खुललोच. गेली काही वर्षं मला कुंड्यांचं वेड आहे. आणि ज्याला कुंड्यांचं वेड असतं, त्याला आपणहून कुणी कधी काही विचारत नाही. विचारलंच तर खालच्या मजल्यावरचे काका विचारतात, आणि तेही पाणी कधी थांबणार एवढंच.

"तिच्याबद्दल तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणालो.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "म्हणजे... आहे?"

"आहे तर! दिवाळीच्या सुट्टीत आणली, उरुळी कांचनहून. अडीचशे सांगत होता. दोनशेला दिली."

बाईंनी पेन उचललं. "आणि ती असते कुठे?"

"गच्चीवर, टाकीच्या मागे. ऊन मस्त लागतं तिथे."

"घरात का नाही?"

"बायको घेत नाही हो. तिचंही बरोबर आहे म्हणा, आधीच चाळीस आहेत."

"चाळीस?"

"एकेचाळीस. हिला धरून."

बाईंनी 41 हा आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मला त्यांच्या या आस्थेचं कौतुक वाटलं.

"तो सांगत होता," ताई माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाल्या, "की तुम्ही तिचे केस कापलेत."

"कापले ना. थंडी सरताना कापायलाच लागतात. मी कापत होतो, तो गोळा करत होता. आत्ता बोडकी दिसते, पण पावसाळ्यात बघा कशी बहरते ती."

"आणि तिला म्हणे ढेकूण झालेत."

"अंगभर! म्हणून तर रात्री साबणाच्या पाण्याने आंघोळ घालतो. कडुनिंबाचं तेल टाकून. बायको झोपली की गुपचूप वर जायचं. दिवसा नाही जमत, उन्हात भाजते बिचारी."

ऑफिसात भयाण शांतता पसरली. बाहेर छोट्या गटातलं कुणीतरी भोकाड पसरून रडत होतं, तेवढाच आवाज.

"बाकीच्या... कोण कोण आहेत?" ताईंनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

आता मला कोण थांबवणार? "सायली आहे, शेवंती आहे. दोन अबोली आहेत, मामाने कोकणातून पाठवल्या. कुंदा आता थकली, तिला काढून टाकणार आहे. आणि जास्वंदी सहा..."

जास्वंदीपाशी बाईंचं पेन थांबलं. जुई, सायली, कुंदा नावाच्या बाया घरोघरी असतात. जास्वंदी नावाची बाई मी तरी पाहिलेली नाही. बाईंनीही पाहिलेली नसावी.

"तुम्ही... झाडांबद्दल बोलताय?"

"मग? तुम्हाला काय वाटलं?"

या प्रश्नाचं उत्तर मला बराच वेळ मिळालं नाही. ताई ओढणीचा बोळा तोंडात धरून व्हरांड्यात पळाल्या होत्या आणि बाई वहीतल्या 41 वर एकाग्रतेने गिरगिटा काढत होत्या.

मग कळलं ते असं. त्या दिवशी वर्गात चांगला स्पर्श, वाईट स्पर्श हा विषय घेतला होता. त्यात गुपितांचाही भाग असतो. वाढदिवसाची गंमत लपवायची ते चांगलं गुपित. आणि कुणी मोठ्या माणसाने "आईला सांगू नकोस" म्हटलं, मनाला कसंतरी वाटलं, तर ते लगेच विश्वासातल्या माणसाला सांगायचं. असं कुणी कुणाला कधी म्हटलंय का, असं ताईंनी विचारायचा अवकाश, आमच्या चिरंजीवांचा हात सगळ्यात आधी वर. "माझ्या बाबाने! माझ्या बाबाने जुईला आणलंय!"

पुढचं सगळं त्याने अक्षरशः खरं सांगितलं होतं, तक्रारीला जागाच नव्हती. छाटणीच्या दिवशी "तिला दुखेल ना" म्हणून तो रडकुंडीला आला होता. कापलेली एक डहाळी पुन्हा जागेवर चिकटते का, हेही त्याने पाहिलं होतं. तेव्हा मीच म्हणालो होतो, "अरे, हे केस आहेत तिचे. केस कापले की दुखतं का?" पिठ्या ढेकूण या झाडांवरच्या किडीतला "पिठ्या" शाळेत पोचेपर्यंत गळाला, एवढाच काय तो फरक. आणि जुईचं झाड असं मी तरी कुठे म्हणतो? जुई म्हणतो. एकेरीत. प्रेमाने.

तरी ही सगळी फुलं मुलींच्या नावावर करून ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांचाही यात हात आहे. मोगरा आणला असता तर काहीच झालं नसतं. गुलाब आणला असता तर फार फार तर आमच्या गच्चीवर गुलाबराव नावाचे कुणी गृहस्थ उतरलेत, एवढाच समज झाला असता.

निघताना ताई दारापर्यंत आल्या. फोन केल्याबद्दल माफी मागायला लागल्या. मी म्हटलं, अहो, हे ऐकूनही तुम्ही फोन केला नसता तर मीच शाळा बदलली असती. त्यावर त्या पुन्हा हसायला लागल्या.

"त्याने आणखी एक गुपित सांगितलंय," त्या म्हणाल्या. "ते मात्र मी सांगणार नाही. ते चांगलं गुपित आहे."

स्कूटरवर घरी येईपर्यंत तेच डोक्यात. आणि त्याहून मोठी पंचाईत वेगळीच होती. पोरगं शाळेत बोललंय म्हणजे घरातही आज ना उद्या बोलणार. मागच्या जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला मी "नुसतं बघायला" गेलो होतो आणि रिक्षातून पाच कुंड्या घेऊन परतलो होतो. त्या दिवशी बायकोने निक्षून सांगितलं होतं, चाळीसच्या वर एक जरी कुंडी आली तरी मी किंवा ती. ती म्हणजे कुंडी.

रात्री ती मेथी निवडत बसली होती. चिरंजीव शेजारी बसून देठांची आगगाडी करत होते. म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं.

"ऐक ना. गच्चीवर टाकीच्या मागे एक जुई आहे."

"माहितीये." तिने मान वर केली नाही.

"कधीपासून?"

"नागपूरला लग्नाला गेला होतास ना चार दिवस? तेव्हा तिला पाणी कोण घालत होतं असं वाटतं तुला?" तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "म्हटलं, बघू तरी किती दिवस लपवतोस."

मी चिरंजीवांकडे पाहिलं. त्यांनी आगगाडी थांबवली, ओठांवर बोट ठेवलं आणि हुबेहूब ताईंच्या आवाजात म्हणाले,

"मी तुला सांगितलं नाही हं, बाबा. ते आईचं चांगलं गुपित होतं."