केमिकल एक्स मुद्दाम घातलं नव्हतं

तीन सुपरहिरो बहिणींच्या ‘द पॉवरपफ गर्ल्स’ या कार्टून मालिकेतल्या प्रोफेसर युटोनियमने सुपरहिरो बनवण्यासाठीच मिश्रणात केमिकल एक्स हे शक्ती देणारं रसायन ओतलं, असं सांगणारा मेसेज सध्या फिरतोय. १९९८च्या मूळ मालिकेत असं नाही. प्रोफेसरला हव्या होत्या साध्या, गोड मुली. साहित्य साखर, मसाला आणि ‘सगळं छान-छान’. केमिकल एक्स अपघाताने पडलं, हे तर दर भागाच्या सुरुवातीला निवेदकच सांगतो.

ते ज्या धक्क्याने पडलं तो कुणाचा, हे पहिल्या सीझनच्या ‘मिस्टर मोजोज रायझिंग’मध्ये कळतं: प्रयोगशाळेतलं जोजो नावाचं माकड. केमिकल एक्स पडून झालेल्या स्फोटातच त्याचा मेंदू वाढला आणि तो मोजो जोजो हा खलनायक झाला. म्हणजे ‘मुलींना हरवायला खलनायक नंतर आला’ हेही चूकच. तिघींची शक्ती आणि त्याची अक्कल एकाच बाटलीतली.

घटक बदलले की काय होतं, तेही मालिकेत आहे. चौथी बहीण बनवताना मुलींनी साखरेऐवजी कृत्रिम स्वीटनर आणि मसाल्याऐवजी माती-काटक्या वापरल्या. केमिकल एक्स खरंच होतं, तरी बनी नावाची ही बहीण टिकली नाही, शेवटी फुटली. मोजोने मात्र केमिकल एक्सऐवजी तुरुंगातल्या संडासाच्या पाण्यात काखेतले केस, गोगलगाय आणि कुत्र्याच्या पिल्लाची शेपटी घालून राउडीरफ बॉइज हे मुलींसारखेच शक्तिमान तीन मुलगे बनवले (किळसवाणं, पण चाललं).