‘दे त्याला, ख्रिस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पोलिसाच्या खुनासाठी ब्रिटनमध्ये फाशी गेलेल्या डेरेक बेंटलीवर मी एवढं लिहिलं आणि मारल्या गेलेल्या पोलिसाला एका ओळीत उरकलं, हा तुमचा पहिला आक्षेप. साथीदाराला चिथावणाराही खुनीच, त्याच्यासाठी हळहळायचं कशाला, हा दुसरा.

पहिला मला पूर्ण मान्य आहे. सिडनी माइल्स ४२ वर्षांचे होते. २ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री लंडनजवळच्या क्रॉयडनमधल्या एका गोदामाच्या छतावर एक पोरगा रिव्हॉल्व्हर घेऊन उभा होता, तरी ते जिना चढून गेले. दारातून बाहेर येताच डोक्यात गोळी लागली. हे मी नीट लिहायला हवं होतं.

दुसरा मात्र मान्य नाही. गोळी झाडली बेंटलीच्या साथीदारानं, ख्रिस्तोफर क्रेगनं. तो १६ वर्षांचा, म्हणून कायद्यानं फाशीतून वाचला आणि १९६३ मध्ये सुटलाही. बेंटली १९ चा. मंदबुद्धी, अपस्माराचा रुग्ण, धड वाचता न येणारा. त्याला २८ जानेवारी १९५३ ला फाशी झाली.

‘लेट हिम हॅव इट, ख्रिस’ हे बेंटलीच्या तोंडी घातलेले शब्द तुम्ही चिथावणी म्हणून धरलेत. आपल्या ‘दे त्याला’सारखेच ते दुहेरी आहेत: हाण त्याला, किंवा हातातलं देऊन टाक. या दुसऱ्या अर्थावर आजवर खूप लिहिलं गेलं, मीही लिहिलं. पण बचावाचं म्हणणं ते नव्हतंच. हे शब्द कुणी उच्चारलेच नाहीत, असं दोघांनीही कोर्टात सांगितलं. तीन पोलिसांनी मात्र ऐकल्याची साक्ष दिली.

समजा, उच्चारले. कधी? फेअरफॅक्स या अधिकाऱ्यानं बेंटलीला पकडलं, तो सुटला, तेव्हा. त्यानंतर झाडलेली गोळी फेअरफॅक्सच्या खांद्याला लागली. त्यांनी जखमी अवस्थेतच बेंटलीला पुन्हा धरलं. माइल्स वर आले ते सुमारे पाव तासानं. त्या वेळात बेंटली फेअरफॅक्सपाशीच होता, त्यानं पळायचा प्रयत्न केला नाही. मग क्रेगच्या कृत्यात तो अजून सामील होता का? खटल्याचा सगळा जीव या प्रश्नात होता. त्याचा साधकबाधक विचार ज्युरीपुढे मांडणं न्यायाधीशांचं काम. लॉर्ड गोडार्ड यांनी त्याऐवजी पोलिसांचं शौर्य पुढे केलं आणि असे अधिकारी खोटं बोलतील का, असा सूर लावला. पोलीस शूर होते, यात शंकाच नाही. पण शौर्य म्हणजे साक्षीचा पुरावा नव्हे.

तरीही ज्युरीनं दयेची शिफारस केली. दोनशेहून अधिक खासदारांनी फाशी थांबवण्यासाठी सह्या केल्या. गृहमंत्री मॅक्सवेल फाइफ बधले नाहीत.

३० जुलै १९९८ ला अपील कोर्टानं दोषसिद्धी रद्द केली. गोडार्ड यांच्या ज्युरीपुढच्या समारोपामुळे बेंटलीला न्याय्य खटला मिळालाच नाही, असं लॉर्ड बिंगहॅम यांनी नोंदवलं. बेंटलीसाठी चाळीसेक वर्षं झगडलेली त्याची बहीण आयरिस आदल्याच वर्षी गेली होती. तिच्याबद्दल मला हळहळ वाटते, आणि ती मी लपवणार नाही.

मूळ लेखात आज माइल्स यांच्यावर एक परिच्छेद घालतो आहे, अगदी सुरुवातीला. बेंटलीवरचा मजकूर आहे तसाच राहील.