पाच मिनिटं ठेवा, मग धुवा

चेहऱ्यावर फोड आला तर माणूस आरशात बघून निदान हळहळू तरी शकतो. पाठीवरच्या फोडांची बातमी कायम दुसऱ्यांकडून येते. मला ती आईने दिली, मी बनियन बदलत असताना, तीही आत्यासमोर. "अगं बाई, पाठ बघ याची!" आत्याने चष्मा लावला. उष्णता, पोट साफ नसणं, बाहेरचं खाणं आणि लग्न लांबणं अशी कारणं चहाला उकळी यायच्या आत निघाली.

घाम आणि सॅक यांचं नाव कुणी घेतलं नाही. लोकलमध्ये सॅक पोटावर घ्यावी लागते, तेवढीच पाठीला विश्रांती. बाकी वेळ ती ओल्या शर्टाला घासत असते. त्यात आईने थापलेलं खोबरेल मानेवरून खाली ओघळतं. तेलाने छिद्रं बुजतात असं म्हटल्यावर आई म्हणाली, "तुझ्या आजोबांची कधी बुजली नाहीत ती!"

मेडिकलवाल्याने आधी भलतीच ट्यूब पुढे केली. "ही न्या, सगळ्यावर चालते." गजकर्णापासून डागांपर्यंत सगळ्यावर चालणाऱ्या अशा ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं आणि त्याने फोड उलट वाढू शकतात. ती परत ढकलून मी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा बॉडी वॉश आणि बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल घेतलं. पहिलं तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात शिरून अडकलेला मळ सुटा करतं. दुसरं जंतू मारतं. जेल अडीच टक्क्यांचंच मागितलं. दहा टक्क्यांनी फोड काही चौपट वेगाने जात नाहीत, आग मात्र मनसोक्त होते.

बाटलीवर लिहिलं होतं, पाच मिनिटं ठेवा, मग धुवा. हे लिहिणाऱ्याच्या घरी चोवीस तास पाणी असणार. आमच्याकडे साडेसातला नळ फुसफुसायला लागतो. त्या वेळी अंगभर फेस लावून, हात कुठे ठेवावेत ते न कळून, गीझरच्या लाल दिव्याकडे बघत उभं राहायचं. पुढ्यात बादली, तीत आईने न विचारता टाकलेला कडुलिंबाचा पाला.

"झालं का रे?"

"फेस आहे अंगाला!"

"मग धू ना!"

"धुवायचा नाहीये अजून!"

यावर बाहेर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आत्याचा दबका आवाज आला, "ऑफिसात काही झालंय का गं त्याला?"

जेलची तऱ्हा आणखी वेगळी. वरून नेलेला हात आणि खालून नेलेला हात यांची भेट काही होत नाही. मधला वीतभर मुलूख कुणाच्याच ताब्यात नसतो, आणि फोड नेमके तिथे. उलथण्याला प्लॅस्टिक गुंडाळून पाहिलं. ते आईने पाहिलं. मग ताईला बोलावलं. ताई जेल लावते हे खरं, पण तिचा जीव पिळण्यात. "हलू नकोस, हा मस्त पिकलाय," म्हणताना तिच्या आवाजात जो जिव्हाळा असतो तो राखी बांधतानाही नसतो. पिळल्याने डाग पडतात, हे मी उशीत तोंड खुपसून सांगत असतो.

बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं. मैदा पांढरा करायलाही ते वापरत आले आहेत, तर आमच्या मरून सोलापुरी चादरीची काय कथा! तिच्यावर सकाळी माझ्या पाठीचा नारिंगी नकाशा उमटला. दोन टॉवेल आणि बाबांचा निळा सदराही गेला. आई चादर उजेडात धरून म्हणाली, "सोलापूरचा पक्का रंग खाल्ला याने. तुझी कातडी काय सोडणार आहे?"

अशा औषधांना गुण यायला सहा ते आठ आठवडे सहज लागतात. तेवढे गेले आणि फोड खरंच बसले. पांढरी चादर, पांढरे टॉवेल, रोज फेसातली ती तपश्चर्या, सगळं कारणी लागलं म्हणून मी खूश होतो. तेवढ्यात आई फोनवर आत्याला सांगताना ऐकू आली, "काही नाही गं, कडुलिंबाच्या पाण्याने गेले. उगीच ट्यूबा आणत बसला होता."