मुंजा चपला घालतो का?

एप्रिल महिन्यात नेदरलँड्समध्ये धोतर नेसून प्लॅटफॉर्मवर उभं राहणं काय असतं ते आता मला कोणी सांगायला येऊ नये.

झालं असं की आमच्या आइंडहोवनच्या ग्रुपमधल्या मंद्याने एल्फियाची तिकिटं काढून टाकली, न विचारता, आणि पैशांची टिकी (मोबाइलवर पैसे मागायची डच लिंक) पाठवली तेव्हाच आम्हाला कळलं. एल्फिया म्हणजे पूर्वीचं एल्फ फँटसी फेअर, उत्रेख्तजवळ कास्टेल द हार नावाचा किल्ला आहे तिथे भरतं, लोक पऱ्या, टोकदार कानांचे एल्फ, राक्षसासारखे ऑर्क, चेटकिणी बनून येतात आणि साध्या जीन्समध्ये गेलं तर आपणच विचित्र दिसतो. "एल्फ काय कोणीपण होतं, आपण देशी भुतं करायची," इति मंद्या. तो स्वतः वेताळ झाला, गौरी वहिनी हडळ (केस मोकळे आणि काजळ, पाच मिनिटांत तयार), पक्या पाण्यातला गिऱ्हा, म्हणजे हुशारीने रेनकोट घालून मोकळा. मी चौतीस वर्षांचा, काटकुळा आणि बिनलग्नाचा, त्यामुळे मुंजा कोण याच्यावर मतदानसुद्धा झालं नाही.

वाद झाला तो चपलांवर. वहिनी म्हणे पिंपळावर राहणाऱ्याला चपला कशाला. म्हणलं वहिनी, आपल्या पिंपळाखाली नऊ डिग्री नसतं हो. शेवटी कोल्हापुरीवर तडजोड झाली, आणि दोन दिवसांसाठी कशाला दोन जोड म्हणून मी बूट घरीच ठेवले. ही चूक लक्षात ठेवा.

अंगात कातडीच्या रंगाचं थर्मल, त्यावर जानवं, खाली आजोबांचं धोतर, काष्ट्याला सहा सेफ्टी पिना. व्हल्यूटेन स्टेशनला उतरून चालत जायचं ठरलं आणि दहा मिनिटांत पाऊस. इथला वारा तुम्ही कुठेही जात असा, समोरूनच येतो. काष्टा एका हाताने धरायचा, शेंडी दुसऱ्या हाताने, आणि मागून सायकलवाली आजी घंटी वाजवतेय.

किल्ला मात्र खराच भारी. १८९२ पासून कॉयपर्स नावाच्या आर्किटेक्टने पडक्या अवशेषांवर नव्याने उभा केला, आम्स्टरडॅमचं रेल्वे स्टेशन आणि राइक्सम्युझियमवालाच तो, आणि पैसा किल्ल्याच्या मालकाच्या, म्हणजे बॅरनच्या बायकोच्या माहेरचा, रोथशिल्ड या बँकर घराण्याचा. बागेला जागा हवी म्हणून अख्खं गाव पलीकडे हलवलं, फक्त चॅपल जागेवर ठेवलं. आपल्याकडे धरणासाठी गाव उठवतात, इथे गुलाबांसाठी. सासरा असावा तर असा, असं मंद्या वहिनींच्या देखत म्हणाला आणि नंतर तासभर हडळ त्याच्याशी बोलली नाही.

आत हजारो लोक. मला एका एल्फ बाईने विचारलं तू कोण. माझ्या तोडक्यामोडक्या डचमध्ये सांगितलं, मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला पोरगा, झाडावर राहतो, लोकांना त्रास देतो. ती कान सरळ करत गंभीरपणे म्हणाली, म्हणजे तू दुःखी आहेस? काय उत्तर देणार. तेवढ्यात काष्ट्याची चौथी पिन सुटली. शेजारी सहा फुटी हिरवा ऑर्क लाकडी काट्याने मेयोनीजमधले फ्राइज खात होता, त्याने काटा तोंडात धरला, स्वतःच्या शेपटीची पिन काढली आणि न बोलता माझ्या हातावर ठेवली. उरलेला दिवस तो बिचारा शेपूट हातात धरून फिरत होता.

रविवारी उत्रेख्तचं म्युझियम स्पेलक्लॉक. जुन्या चर्चमध्ये आहे, आपोआप वाजणारी वाद्यं, नाचगाण्याचे कपाटाएवढे ऑर्गन, एका कोबीतून डोकं काढणारा यांत्रिक ससा. आता मी सभ्य जीन्समध्ये, पण पायात रात्रभर हीटरवर वाळवलेल्या कोल्हापुरी. भिजून वाळलेलं कातडं ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. करकर नव्हे, दार उघडावं तसा कर्रर्र. गाइडबाईंनी एक म्युझिकल घड्याळ लावलं, नाजूक सूर संपले, सगळे श्वास रोखून, मी फक्त वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं.

कर्रर्र.

गाइडबाई घड्याळाच्या मागे जाऊन बघून आल्या. पक्या खांबाआड तोंड लपवून हसत होता, त्याला पुन्हा कुठे नेणार नाही. पुढच्या ऑर्गनपर्यंत मी अक्षरशः पाय घासत गेलो, तरी कर्र, कर्र, आणि चार-पाच वर्षांची एक मुलगी आईचा हात सोडून माझ्यामागे, डोळे जमिनीवर. ससा कोबीत परत गेला, टाळ्या झाल्या, सगळे पुढच्या दालनात सरकले. ती जागची हलेना. माझ्या चपलेकडे बोट दाखवून म्हणाली, "नोख इन कीर." म्हणजे पुन्हा एकदा.

वाजवून दाखवलं मग. दोन्ही पायांनी.