काखेतल्या गाठीबद्दल थोडं

शरीरावर भलत्याच जागी येणाऱ्या जादा स्तनाग्रांवरच्या लेखात तळपायावर उगवलेल्या स्तनाग्राचं उदाहरण वाचून सगळे चकित झालेले दिसतायत. 2006 साली नोंदलेली ती केस दुर्मिळच, पण काखेत स्तनाच्या जादा ऊती असण्याचा प्रकार तसा दुर्मिळ नाही आणि त्याला लेखात जेमतेम एक ओळ! गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना दूधरेषा (जिच्यातून पुढे स्तन घडतात ती पट्टी) उमटते. छातीवरचा भाग सोडून बाकीची विरते. कुठे विरायची राहिली की तिथे स्तनाच्या ऊती उरतात.

माझ्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी दोन्ही काखांत लिंबाएवढे फुगवटे आले. हात अंगाला टेकवता येईना. डावीकडे सारखं ओलं व्हायचं, मी घाम समजून पुसत होते. ते दूध होतं! ‘गळू असेल, शेक दे’ असा सल्ला मिळाला, शेकाने ठणका वाढलाच. सोनोग्राफीत उलगडा झाला. मग गार पट्ट्या ठेवल्या, पिळून काढायचा मोह आवरला (काढलं की आणखी तयार होतं), हळूहळू ओसरलं. पाळीच्या आधी अजून जडपणा येतो.

स्तनाचे आजार, अगदी कर्करोगसुद्धा, या ऊतींनाही होऊ शकतो, हे लेखात हवं होतं. कडक, वाढत जाणारी गाठ असेल तर ‘काखेतलीच आहे’ म्हणून थांबू नका, दाखवून घ्या.