क्रोमचं पाणी म्हणजे टॉनिक नव्हे

"क्रोम प्लेटिंगच्या पाण्यावरून उगाच घाबरवतात" असा एक मेसेज सध्या फिरतोय. काल तो भाच्याने मला पाठवला. त्याचं प्लेटिंगचं, म्हणजे धातूच्या वस्तूंवर क्रोमचा मुलामा देण्याचं, छोटं शॉप आहे, हाताखाली पाच पोरं. खाली त्याने लिहिलं होतं, "मामा, वाचा. आता ईटीपीचं टेन्शन गेलं." ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. मग मला गप्प बसवेना.

मेसेज म्हणतो, क्रोमियम शरीराला लागतंच, मेडिकलमध्ये त्याच्या गोळ्या मिळतात. मिळतात, खरं आहे. पण क्रोमियमची रूपं वेगवेगळी: गोळीतलं ट्रायव्हॅलंट आणि प्लेटिंगच्या टाकीतल्या क्रोमिक ॲसिडमधलं हेक्साव्हॅलंट. हे दुसरं माणसाला कॅन्सर करतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1990 सालीच सांगून त्याला पहिल्या, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्यांच्या, गटात टाकलंय. प्लेटिंग चालू असताना हायड्रोजनचे बुडबुडे फुटतात, त्यांच्याबरोबर ॲसिडचा बारीक फवारा उडतो आणि टाकीवर वाकलेल्या पोराच्या नाकात जातो. क्रोमवर काम करणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडलेली डॉक्टरांनी नोंदवली आहेत. अशा पोरांना कोणी गोळ्यांचा दाखला देतं, याचा मला संताप येतो.

मेसेजचा पुढचा सल्ला, "पाणी जास्त सोडा, पातळ झालं की पास." अरे, पातळ केल्याने क्रोम ग्रॅमभरही घटत नाही, तेवढंच नाल्यात जातं. 1986 च्या पर्यावरण नियमांत नदीनाल्यासाठी हेक्साव्हॅलंटची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे. पाणी डोळ्यांना पिवळं दिसतंय म्हणजे ती कधीच ओलांडलेली असते.

परदेशात कोणी एवढं बघत नाही, हे मेसेजमधलं वाक्यही खोटं. घाण मुळातच कमी करा, असं अमेरिकेचा 1990 चा कायदा सांगतो.

छोट्या शॉपला ईटीपी जड जातो, एवढं मात्र मान्य. पण आधी ईटीपीकडे जाणारं पाणी तर कमी करा. जॉबबरोबर, म्हणजे मुलामा दिलेल्या वस्तूबरोबर, लिटरभर बाथ (टाकीतलं ॲसिडचं पाणी) बाहेर आला आणि तो हजारपट पातळ व्हायला हवा, तर एका रिन्स टाकीला, म्हणजे जॉब धुवायच्या टाकीला, साधारण 1000 लिटर पाणी लागतं. दोन टाक्या उलट्या प्रवाहाने, म्हणजे पाणी जॉबच्या उलट दिशेने वाहील असं, जोडल्या की 32 च्या आसपास, तीन जोडल्या की 10. जॉब बाथवर जरा निथळू दिला तर तो लिटरही बाहेर येत नाही. पहिल्या रिन्सचं पाणी गरम बाथची वाफेने झालेली तूट भरायला वापरता येतं, आणि त्यातलं ॲसिड तर आपणच विकत घेतलेलं असतं. उरलेल्या पाण्यासाठी मेटाबायसल्फाइट (हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट करणारं) आणि चुना (ते गाळ म्हणून खाली बसवणारा) आहेच.

रविवारी मी शॉपवर येतोय. दुसरी टाकी कुठे बसते ते बघू, आणि बाथवरचा एक्झॉस्ट चालू आहे का तेही.