महादेवाचा मुलगा, आमच्या पदरात

लहानपणी मिरजेत देवदार म्हणजे खोकं. किराणा दुकानामागे देवदारी फळ्यांची खोकी पडलेली असत. ती फोडून आमचा बंब पेटायचा. त्यामुळे अमेरिकेत पोर्टलंडला घर घेताना एजंट बाईंनी अंगणातल्या झाडाकडे हात करून "हा डिओडार, थेट हिमालयातला" असं सांगितलं, तेव्हा मी बायकोच्या कानात म्हणालो, "अगं, हा आपल्या बंबातला."

ते त्याने ऐकलं असणार. सहा वर्षं झाली, अजून वचपा काढतोय.

आधीच्या मालकाने तो भिंतीपासून जेमतेम दहा फुटांवर लावलेला. तेव्हा कमरेएवढं गोंडस रोप असेल. हिमालयात हा प्राणी चाळीस-पन्नास मीटर वाढतो आणि तरुणपणी वर्षाला दोन-दोन फूट उंची घेतो, हे त्या गृहस्थाला कुणी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल, म्हणूनच घर विकलं. आता खालची एक फांदी आमच्या छपरावर, लग्नघरातल्या मामांनी लोडावर कोपर टेकवावं तशी टेकली आहे.

'सदाहरित' या शब्दावर मी भाळलो. पानगळ नाही, झाडलोट नाही! प्रत्यक्षात जुन्या सुया वसंतात पिवळ्या पडून गळतात. तोवर नव्या फुटलेल्या असतात, म्हणून लांबून कुणाला पत्ता लागत नाही. एकेका झुपक्यात वीस-तीस सुया, आणि झुपके किती ते त्यालाच ठाऊक. पन्हळीत सुया, गाडीत सुया, मोज्यांत सुया. एकदा साबुदाण्याच्या खिचडीत मिरचीचा देठ समजून मी एक चावलीही. चव वाईट नाही. कपाटातल्या डांबरगोळीची धाकटी बहीण.

वसंत आवरतो तोवर शरद येतो. मग नरशंकू, म्हणजे परागाची बोंडं, पराग उधळतात आणि आमची पांढरी गाडी जेजुरीहून भंडारा खेळून आल्यासारखी दिसते. काम झालं की ते शंकू खाली पडतात, अगदी सुरवंटांसारखे. शेजारच्या आजीबाई पहिल्या वर्षी किंचाळल्या होत्या. आता नुसत्या माझ्याकडे बघतात. ते जास्त लागतं.

पहिल्याच महिन्यात मला त्याचा शेंडा मान टाकलेला दिसला. घाबरून झाडांचा डॉक्टर बोलावला. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "देवदाराचा शेंडा असाच वाकलेला असतो." या वाक्याची फी मी अजून बायकोला सांगितलेली नाही. पैसे वसूल करायला विचारलं, "मग शेंडाच छाटला तर?" त्यावर तो दुखावला. शेंडा मारला की तिथून दोन-तीन शेंडे फुटतात, त्यांचे सांधे कच्चे राहतात आणि बर्फाच्या वादळात नेमके तेच घरावर येतात. मुळासकटच काढायचं म्हटलं, तर बारा इंचांहून जाड खोडाला नगरपालिकेचा परवाना लागतो. आमचा त्या मापात कधीच बसला आहे. थोडक्यात, घराच्या कागदांवर सही करताना मी दत्तकविधानही उरकून बसलो होतो.

2021च्या जूनमध्ये इथे पारा 46 अंशांवर गेला. लोक पंखे शोधत होते आणि मी फांद्यांच्या घेराच्या कडेने नळी सरकवत फिरत होतो, कारण पाणी ओढणारी मुळं तिकडे पसरलेली असतात, बुंध्याशी नाही.

हे मी आईलाही समजावलं. ती बाबांसोबत मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली आणि दुसऱ्याच दिवशी तांब्या घेऊन बुंध्याशी उभी.

"आई, तिथे नको, कडेला घाल."

"तू मला शिकवू नकोस. पार्वतीने सोन्याच्या घड्यांनी घातलं होतं याला पाणी."

आई निवृत्त संस्कृत शिक्षिका. कालिदासाच्या रघुवंशात, दुसऱ्या सर्गात, महादेवाने देवदाराला मुलगा मानलं आहे. एका रानहत्तीने गंडस्थळ घासून त्याची साल काढली, तर पार्वतीला कार्तिकेयाला जखम झाल्याएवढं दुःख झालं. मग महादेवाने पहाऱ्याला सिंह बसवला. झालं! बुंध्याला हळदकुंकू लागलं. परवान्याचा विषय घरात कायमचा मिटला.

आणि आठवड्याभरात सोफा घेऊन आलेल्या ट्रकने मागे येताना वीतभर साल खरवडली.

आईने हाय खाल्ली. सोफ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. ती हळदीचा लेप कालवून बाहेर निघाली. जखमेवर काही लावायचं नाही, झाड ती आपली आपण मिटवून घेतं, हे डॉक्टरचं म्हणणं मी तिला तीनदा ऐकवलं. शेवटी लेप माझ्या गुडघ्याला लागला. तिला अडवायला धावताना मी सुयांवरून घसरलो होतो.

त्या दिवसापासून बाबा अंगणात असतात. घडीची खुर्ची, माकडटोपी, मांडीवर फोन. ट्रक दिसला की हात वर करायचा, एवढंच काम. रोज दुपारी चार वाजता आई स्वयंपाकघरातून हाक मारते, "अरे, सिंहाला चहा नेऊन दे."

मी नेतो. सिंह बहुधा घोरत असतो. जागा होतो, कपातली सुई बोटाने काढतो आणि विचारतो, "साखर घातलीस ना रे?"